श्रद्धांजलीत ०-५ सांगायचं की नाही?

दांडियाबाजारचा ओटला (धागा सुरू केला, रविवार रात्री)

आजच्या, म्हणजे २९ डिसेंबरच्या, कार्यक्रमाहून आत्ताच घरी आलो. जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात: २०२४ मध्ये गेलेल्या नामवंतांना आपल्या मंडळाने श्रद्धांजली वाहिली. पडद्यावर अठ्ठावीस फोटो, प्रत्येकाला जेमतेम अर्धं मिनिट, मागे बासरीची कॅसेट. रतन टाटा, झाकीर हुसेन, श्याम बेनेगल, प्रभा अत्रे, अमीन सायानी, पंकज उधास, अतुल परचुरे, आणि तीनच दिवसांपूर्वी गेलेले मनमोहन सिंग.

दत्ताजीराव गायकवाड एकविसावे आले. निवेदन असं: "भारताचे सर्वांत वयोवृद्ध कसोटीपटू, अंशुमान गायकवाड यांचे वडील." संपलं. बासरी चालूच.

बडोद्यात, मोतीबाग क्रिकेट मैदानापासून चालत पोचता येईल अशा हॉलमध्ये, दत्ताजीरावांची ओळख काय, तर वय आणि मुलगा.

त्यांच्यावरचं निवेदन मी लिहून दिलं होतं, ते कापलं गेलं. कारण त्यात १९५९ चा इंग्लंड दौरा होता. "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलत नाहीत," असा निरोप मिळाला.

मी काय लिहिलं होतं ते वाचा आणि मग ठरवा. १९५२, लीड्स, पहिलीच कसोटी, सलामीला पाठवलेले. दुसऱ्या डावात फळ्यावर शून्य धावा आणि चार बाद, त्या चारांत हे एक. नंतर १९५७-५८ मध्ये त्यांच्या कप्तानीखाली बडोद्याने रणजी जिंकली. पुढच्याच मोसमात वेस्ट इंडीज आले, तेव्हा भारताने पाच कसोटींत चार कप्तान केले: उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड, अधिकारी. त्या घोळातल्या शेवटच्या कसोटीत, दिल्लीत, दत्ताजीरावांनी ५२ केल्या, ही त्यांची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या. आणि मग इंग्लंडला जाताना कप्तानपद यांच्या गळ्यात. पाचही कसोटी हरलो, म्हणजे ०-५. लॉर्ड्सला ते आजारी होते, तिथे पंकज रॉय कप्तान, बाकी चार यांच्या नावावर. परत आल्यावर त्यांना आणखी एकच कसोटी मिळाली.

यातलं ०-५ काढा. राहतं काय? पंच्याण्णव वर्षं जगलेला एक गृहस्थ. कुणीतरी फोडून ठेवलेलं भांडं ज्याच्या हाती दिलं, तो माणूस दिसतच नाही.

मत सांगा.

---

मंडळाचा खजिनदार

कात्री मीच चालवली. लपवायचं काही नाही.

तेराव्याच्या पंगतीत बसून मयताची उधारी कुणी काढतं का? हॉलमध्ये त्यांना ओळखणारी माणसं होती, तीन तर पहिल्या रांगेत. बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, जातो तेव्हा आपण पांढरे कपडे घालून दोन फुलं वाहतो आणि गप्प बसतो. तिथे चर्चासत्र भरवत नाही. तुमचा अभ्यास दांडगा आहे, मान्य. लेख लिहा, अंकात छापतो.

आणि अर्ध्या मिनिटाबद्दल. मागच्या वर्षी सोळा नावं घेतली होती. राहून गेलेल्यांसाठी संक्रांतीपर्यंत फोन येत होते. "आमचे अमुक कसे नाहीत?" यादी लांबते ती माझ्या हौसेने नाही.

---

मोतीबागेच्या भिंतीबाहेरून

खजिनदारसाहेब, उधारीचा मुद्दा पटला असता, पण तुम्ही स्वतःच तो मोडलात. सत्ताविसावा फोटो अंशुमानचा. त्याला तुम्ही दोन मिनिटं दिलीत आणि किंग्स्टन अख्खं सांगितलंत. १९७६, सबायना पार्क, ८१ वर खेळत असताना वेस्ट इंडीजच्या होल्डिंगचा चेंडू कानावर, पडदा फाटला, इस्पितळात. हॉलमध्ये टाळ्या.

ती कसोटीसुद्धा आपण हरलोच होतो. दुसरा डाव ९७ वर संपला, कारण पाच जण फलंदाजीलाच उतरू शकले नाहीत.

म्हणजे हरणं सांगायला तुमची ना नाही. रक्त निघालं असेल तर ते शौर्य, नुसतंच हरले असतील तर ती उधारी. बापाच्या हरण्यात रक्त नव्हतं म्हणून बाप एका ओळीत गेला.

जाता जाता: अंशुमानच्या जालंधरच्या २०१ चा उल्लेख राहिला. १९८३, पाकिस्तानविरुद्ध, ६७१ मिनिटं. तेवढ्या वेळात तुमचे अठ्ठावीस फोटो चाळीस-पन्नासदा दाखवून झाले असते.

---

इंदूरचा जावई

मध्ये नाक खुपसतो, माफी असावी. बडोद्याने हरण्याबद्दल इतका जीव जाळावा याचं आम्हा इंदूरकरांना नवल वाटतं. १९४६-४७ ची रणजी फायनल विसरलात? हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९, चौथ्या विकेटला ५७७. समोर आमचा होळकर संघ. माझ्या आजेसासऱ्यांनी तो विषय जेवताना काढायला बंदी घातली होती म्हणे.

आणि याच महिन्यात तुमच्या पोरांनी आमच्या इंदुरात येऊन सिक्कीमला वीस षटकांत ३४९ ठोकल्या. तेव्हा रडू नका, सेव-उसळ खा.

---

वाड्यातली तानपुरेवाली

इथे सगळे क्रिकेटवरच भांडताहेत. माझी तक्रार वेगळी आहे आणि ओटलेवाल्या दादांवरही आहे.

प्रभाताईंना काय मिळालं? "पद्मविभूषण, किराणा घराण्याच्या ज्येष्ठ गायिका." तेही कुणाला खटकलं नाही, तुम्हालाही नाही. प्रभाताई पुण्याच्या, म्हणजे आपल्या नाहीत, असंच ना?

त्यांचे गुरू सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर. बडोदेकर! हिराबाई जन्मल्या मिरजेत, पण आडनाव या गावाचं. त्यांचे वडील अब्दुल करीम खाँ इथल्या दरबारात गायला आले, आई ताराबाई माने इथल्याच सरदार घराण्यातल्या. दोघांनी संसार मांडला तो बडोदं सोडून. म्हणजे या गावाला न रुचलेल्या एका लग्नातून ते गाणं पुढे गेलं, आणि प्रभाताईंपर्यंत पोचलं. हे हॉलमध्ये सांगितलं असतं तर गायकवाडी दरबाराला कमीपणा आला असता? आला असता तर येऊ दे.

दादा, तुमचं म्हणणं की खरं सांगा. मग फक्त तुमच्या लाडक्या माणसाचंच का?

---

दांडियाबाजारचा ओटला

ताई, मान खाली. मला हे माहीतच नव्हतं. पण तुम्ही जे लिहिलंत ते मी अर्ध्या मिनिटाच्या सतरा संध्याकाळांपेक्षा जास्त लक्षात ठेवीन. माझा मुद्दा हाच आहे: ज्याच्यापाशी सांगण्यासारखं आहे त्याने एकाच माणसाबद्दल सांगावं. बाकीच्यांची नावं दारात फळ्यावर लिहा.

---

मकरपुरा शिफ्ट

फळ्यावर कुणाला ढकलणार ते आधी सांगा. कारण तुम्हा दांडिया बाजारवाल्यांच्या यादीत टाटा पहिले फळ्यावर जातील. "त्यांचा आणि मराठी मंडळाचा काय संबंध" असं मागच्या रांगेतून ऐकलं मी आज.

संबंध असा. रतन टाटा ९ ऑक्टोबरला गेले. २८ ऑक्टोबरला याच शहरात टाटांच्याच सी-२९५ लष्करी विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, स्पेनचे पंतप्रधान आले होते, रस्ते बंद म्हणून तुम्हीच ग्रुपवर बोंबलत होतात. ५६ पैकी ४० विमानं इथे बनायची आहेत. माझ्या बिल्डिंगमधली मुलं तिथे नोकरीच्या आशेवर आहेत. त्यांना १९५९ शी काहीही देणंघेणं नाही. ज्याने त्याने आपल्या पोटाकडून आठवण काढावी. अर्धं मिनिट तर अर्धं मिनिट, पण यादीत सगळे असू देत. खजिनदारांना माझा पाठिंबा.

---

मोतीबागेच्या भिंतीबाहेरून

आठवण काढायची घाई तरी आवरा. १५ डिसेंबरच्या रात्री याच ग्रुपवर झाकीरभाईंना पंचेचाळीस जणांनी हात जोडले. तासाभरात बातमी आली की घरचे म्हणताहेत, अजून आहेत, प्रार्थना करा. तेव्हा तेच हात डिलीट. खरी बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी आली आणि तेच हात पुन्हा जोडलेले. माणूस तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत अखेरचे श्वास घेतोय आणि इथे आपली पहिला नंबर लावायची शर्यत. अर्ध्या मिनिटाचा कार्यक्रम त्याच शर्यतीचा सभ्य भाऊ आहे.

---

विश्वामित्रीकाठ

एक विचारते. राग मानू नका.

कार्यक्रमाचं नाव "सरत्या वर्षात आपल्याला सोडून गेलेले" होतं. पत्रिकेवर नामवंत हा शब्द नव्हता. १८ जानेवारीला हरणी तलावात बोट उलटली. सहलीला आलेली बारा मुलं आणि दोन शिक्षिका. दत्ताजीराव जायच्या सव्वीस दिवस आधी, याच गावात. अठ्ठाविसांत ते कुठे होते?

---

*(पुढचे नऊ तास धाग्यावर कुणी काही लिहिलं नाही.)*

---

मंडळाचा खजिनदार

ताई, राहिलं. चूक झाली. पत्रिका मीच केली होती, शब्द माझाच.

पण खरं सांगू, सुचलं असतं तरी मी ते घेतलं नसतं. फोटो कुठून आणायचे, कुणाच्या आईबापांना विचारायचं, आणि विचारायचं तरी कोणत्या तोंडाने. बासरी लावून त्या मुलांना अर्धं मिनिट द्यायचं? माझ्याने झालं नसतं.

---

विश्वामित्रीकाठ

तेच म्हणते मी. अर्धं मिनिट त्यांना कमी आहे हे तुम्हाला लगेच कळलं. मग बाकीच्यांना ते पुरतं कसं?

---

अलकापुरीची सून

मी सरळ विरोधात आहे, ओटलेवाल्यांच्याही आणि ताईंच्याही. मेल्यावर किती मिनिटं द्यायची यावर आपण दोन दिवस भांडतोय. अंशुमान गायकवाडांना रक्ताचा कर्करोग होता, लंडनला उपचार चालले होते. त्यांचे जुने सहकारी पैशांसाठी धावपळ करत होते, कपिल देव स्वतःचं पेन्शन द्यायला निघाले होते. क्रिकेट बोर्डाने एक कोटी जाहीर केले जुलैच्या मध्यावर. ३१ जुलैला ते गेले. त्या काळात आपल्या मंडळाने काय केलं? गणपतीच्या वर्गणीची मीटिंग. मीही त्या मीटिंगला होते, म्हणून बोलते.

०-५ सांगा नाहीतर नका सांगू. ऐकायला ते दोघेही नाहीत.

---

जुना स्कोअरर (नातीने टाईप केले आहे)

मी ८२ वर्षांचा. रविवारच्या कार्यक्रमाला जिने चढवत नाहीत म्हणून आलो नाही, पण नात हा धागा वाचून दाखवते आहे.

बडोद्याने दत्ताजीरावांच्या हाताखाली रणजी जिंकली तेव्हा मी पंधरा-सोळाचा. कात्रणं ठेवायचो. ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं त्यात वह्या गेल्या, लगदा झाला. म्हणून आता डोक्यात आहे तेवढंच.

५९ साली आम्ही पोरांनी फार वाईट बोललो. गल्लीत खेळताना कुणी पहिल्या चेंडूवर बाद झाला की त्याला "चल, इंग्लंडला जा" म्हणायचे. मीही म्हणायचो. ते ०-५ आम्हीच गावभर केलं, आणि मोठे झाल्यावर आम्हीच त्यावर पांघरूण घातलं. खजिनदार म्हणतात तो आदर आहे असं मला वाटत नाही. माझ्यापुरती ती लाज आहे, माझी स्वतःची.

पण ओटलेवाले, तुम्हीही पाहिलेलं नाही. आकडे वाचून बोलता. त्याच ५९-६० च्या मोसमात, इंग्लंडहून परत आल्यावर, त्यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद २४९ केल्या. त्यांची सर्वांत मोठी खेळी, दौऱ्यानंतरची! तुमच्या कापलेल्या निवेदनात ती नव्हती. ०-५ सांगणाऱ्याने पुढचं पानही उलटायला हवं होतं.

---

दांडियाबाजारचा ओटला

काका, नमस्कार. चुकलं. १३ फेब्रुवारीला दत्ताजीरावांना वर्ष होतंय. तुम्ही बोलाल का? जिना नसलेली जागा मी शोधतो.

---

जुना स्कोअरर (नातीने टाईप केले आहे)

आजोबा म्हणतात, बोलेन, पण माईक नको, शिट्टी वाजते. आणि फोटोवर हार असेल तर येणार नाही, पॅड बांधलेला फोटो लावा.

---

मकरपुरा शिफ्ट

एका माणसासाठी अख्खी संध्याकाळ! किती जण येतील? बारा?

---

दांडियाबाजारचा ओटला

बारा आले तर चहा माझ्याकडून.

---

मंडळाचा खजिनदार

तळमजल्याचा हॉल १३ ला मिळत नाही, लग्न आहे. १२ ला संध्याकाळी आहे. भाडं आधी भरावं लागतं. निवेदन मी बघणार नाही, पण वेळ बघणार. नऊला वॉचमन दिवे घालवतो.

आणि तानपुरेवाल्या ताई, प्रभाताईंची १३ जानेवारी त्याच्या महिनाभर आधी येते, सोमवार आहे. हिराबाईंचं ते सगळं तुम्ही सांगणार की मी पुन्हा "पद्मविभूषण" वाचू?

---

वाड्यातली तानपुरेवाली

सांगते. बासरीची कॅसेट घरीच ठेवून या.