एआयला कलाकार तयार नाहीत, असं कोण म्हणतं?

रेघोटी: चित्रकार-लेखक एआयला बिचकतात, हे हल्ली सर्रास ऐकू येतं. मी मुखपृष्ठं करते. नवं सॉफ्टवेअर शिकायला आमच्यातल्या कुणी फारसं नाक मुरडलेलं आठवत नाही. दुखणं वेगळंच आहे. ग्राहक एआयने काढलेलं चित्र पाठवतो, वर म्हणतो, "नव्वद टक्के झालंच आहे, जरा हात फिरवून द्या." बघावं तर उजेड डावीकडून येतोय आणि सावलीही डावीकडेच पडलीय! लेयर, म्हणजे चित्राचे सुटे थर, नाहीत; त्यामुळे बाही बदलायची तर मागची भिंतही पुन्हा रंगवा. मेहनत तेवढीच, मानधन निम्मं.

खटपट्या: ही तक्रार ग्राहकाची झाली, साधनाची नव्हे. फोटोशॉपमध्ये २०२३ साली जनरेटिव्ह फिल आलं, म्हणजे निवडलेला भाग एआयकडून भरून घ्यायची सोय. फोटोतली नकोशी तार काढणं, कडेला कमी पडलेलं आभाळ वाढवणं, ही किचकट कामं चुटकीसरशी होतात. तुम्ही नाही वापरलं तर दुसरा वापरेल.

शाईसांडू: तार पुसणं आणि अख्खं चित्र काढणं एकाच मापाने मोजू नका. स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं एआय जालावरून उचललेल्या चित्रांवर शिकलं, त्या चित्रकारांना विचारलं कुणी? शिवाय हक्काचं काय? 'झार्या ऑफ द डॉन' या चित्रकथेबद्दल अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये ठरवलं की मजकुराला आणि मांडणीला संरक्षण आहे, मिडजर्नी या एआयने काढलेल्या चित्रांना नाही. उद्या तसलं मुखपृष्ठ कुणी जसंच्या तसं ढापलं, तर प्रकाशकाला तोंड कोण देणार?

कच्चाखर्डा: पटकथावाल्यांनी यावर तोडगा काढलाय. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस संपावर होते. करारात आलं ते असं: कंपनीची संमती असेल तर लेखक एआय वापरू शकतो, पण कंपनी त्याला सक्ती करू शकत नाही. कंपनीने एआयचा मजकूर लेखकाच्या हातात ठेवला तर तसं सांगावं लागतं, आणि तो 'मूळ साहित्य' धरून लेखकाचं श्रेय कापता येत नाही. रेघोटीच्या 'नव्वद टक्के'वाल्याला हेच लागू करा की.

खटपट्या: त्यांच्या पाठीशी संघटना होती हो. एकट्यादुकट्याने अटी घातल्या तर ग्राहक पळतो.

रेघोटी: पळू दे. मी दरपत्रकात 'एआय चित्राची दुरुस्ती' अशी ओळच घातलीय, दर नव्या चित्राएवढा. एकाने कुरकुर केली, मग म्हणाला, नवीनच काढा.

खटपट्या: आणि बाकीचे?

रेघोटी: गेले. तुम्हाला हवेत का? नंबर देते.