‘रास्त दर’ या मूल्याचा खर्च आधी मांडा
सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली) करणाऱ्या एका बचत गटाने ‘रास्त दर’ हे मूल्य, म्हणजे तत्त्व, तीन वर्षांच्या आराखड्यात बसवायचं कसं, असं विचारलंय. आधी त्याचा नियम करा: भिरंडं (कोकमाची ताजी फळं) आणणाऱ्या बाईला त्याच दिवशी रोख. समजा रोज 200 किलो, किलोला 30 रुपये, 40 दिवस. म्हणजे 2 लाख 40 हजार रुपये एप्रिल-मेमध्येच लागणार, आणि सोलं खपणार वर्षभर. आराखडा इथेच फसतो. रोकड संपली की उधारी सुरू होते, बाया दलालाकडे वळतात. म्हणून खेळतं भांडवल आधी, नवं पॅकिंग नंतर. रसात बुडवून वाळत घातलेल्या साली ढगाळ हवेत बुरसतात, ती घटही धराच. आणि नियम मोडायची वेळ आलीच तर निर्णय कुणाचा, हे बैठकीच्या वहीत आत्ताच लिहा.