अनुभव धागा: शेवटची लाँच, होडी, फेरीबोट... पाण्यापलीकडच्या घरांच्या आठवणी

गोदाकाठ:
काल रात्री नाशकात आमच्या इंदिरानगरात लाइट गेली. शेजारच्या सोसायटीचा जनरेटर धडधडायला लागला आणि मला एकदम घारापुरीची मावशी आठवली. घारापुरी म्हणजे एलिफंटा. लोक लेणी बघतात आणि परत फिरतात. तिथे राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं नांदतात, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

मे महिन्यात आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठायचो, मग गेटवेवरून लाँचने तासाभरात बेटावर. पर्यटकांना रात्री राहू देत नाहीत, आम्ही मात्र घरचे पाहुणे. शेवटची लाँच सुटली की बेट गावकऱ्यांचं व्हायचं. बायका धक्क्यावर गप्पा मारत बसायच्या. संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चालायचा, तेवढ्यात टीव्ही, इस्त्री, मोबाईल चार्जिंग सगळं उरकायचं. तो थांबला की समोर मुंबईचा झगमगाट आणि आपल्या हातात कंदील. एवढ्या मोठ्या शहराच्या इतक्या जवळ राहून या लोकांनी अंधारात दिवस काढले, याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी समुद्राखालून केबल टाकली आणि २०१८ च्या फेब्रुवारीत वीज आली. मावशीने फ्रीज घेतला. पहिल्या दिवशी त्यात नुसत्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या आणि येईल त्याला गार पाणी देत होती.

गॅस सिलिंडर, तांदळाची गोणी, औषधं, सगळं लाँचने यायचं. खलाशी एक पाय लाँचच्या काठावर आणि एक धक्क्याला टांगलेल्या टायरवर ठेवून उभा राहायचा. लाटेने लाँच वर उचलली की "हां, द्या!" आणि सिलिंडर हातोहात पार. मावशीपण तशीच चढायची, पदर खोचून, त्याच एका क्षणाला.

बेटावर, खाडीकाठी, धरणाच्या पाण्यापलीकडे राहिलेल्यांनी लिहा ना. बोटीच्या वेळेवर घर कसं चालतं ते.

उरणची लेक:
अगं बाई, काय आठवण काढलीस! आमचा मोरा वेगळा हं, उरणचा. लाँच भाऊच्या धक्क्याला जाते. ओहोटीला बंदरात इतका गाळ की लाँच लागतच नाही, तासन् तास बंद. म्हणून मुंबईला जायचं तर आधी पंचांग, मग घड्याळ. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आजी हे भाकरी थापता थापता सांगायची. नाशिकच्या सिडकोत सासर, समुद्र कुठेच नाही, पण कॅलेंडरवर तिथी दिसली की मनात पाऊणपट होतेच. कुकर झाला, नंतर लिहिते.

पासधारक:
पंचवटीचं नाव आलं म्हणून लिहितो. आमच्या डब्यातही रोज तेच चेहरे, कोण कुठे बसणार हे ठरलेलं. कसाऱ्याच्या आधी डबे उघडायचे, कोणाची चटणी कोणाच्या पोळीवर. लाँचमध्ये पण असंच असतं का हो?

उरणची लेक:
असतंच की दादा! पुढचा बाक कोळणींचा, पाट्यांसकट. तिथे दुसरं कोणी बसत नाही.

मालेगावकर:
आम्ही गंगापूर धरणावर बोटीत बसलो होतो, तेवढाच अनुभव. वाचतोय. लिहा अजून.

नाशिकरोड_गुहागर:
वडिलांची बँकेतली बदली गुहागरला, आजोळ दापोलीकडे. नकाशावर मधे एक खाडी फक्त. माणूस लाँचने पलीकडे जायचा, पण गाडी न्यायची तर खेड-चिपळूणवरून भला मोठा वळसा. २००३ ला दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली आणि बाबा स्कूटर घेऊन चढले. आख्खा वेळ हँडल धरून उभे, बसले नाहीत. पलीकडे उतरल्यावर पहिलं वाक्य, "आता तुझ्या आईला माहेर जवळ झालं." आई नंतर खरंच वरचेवर जायला लागली.

सिस्टर:
माझी नोकरी नंदुरबारला झाली, अक्कलकुवा तालुक्यात. सरदार सरोवराचं पाणी चढलं तशी मणिबेली, चिमलखेडी ही नर्मदाकाठची गावं तुटली. पाडे टेकड्यांवर राहिले, काही टेकड्यांचे टापू झाले. तिथे दवाखाना पाण्यावरून जातो. तरंगता दवाखानाच म्हणतात.

लशींचा डबा मांडीवर, वर ओला टॉवेल. बुडालेल्या झाडांचे शेंडे चुकवत बोट जायची. दुपारी वारा सुटला की पाणी उसळतं, मग नावाडी बोट काढत नाही आणि ते बरोबरच असतं.

एका बाईला झोळीत घालून डोंगरावरून काठापर्यंत आणलं होतं आणि नेमका वारा. मी तिच्या पोटावर हात ठेवून कळा मोजतेय, सासू पाण्याकडे टक लावून बसलेली, नावाडी कोणाशी बोलेना. ऊन कलल्यावर वारा पडला. पोहोचलो. मुलगी झाली, दोघी बऱ्या होत्या.

लोक मला विचारतात, ही माणसं अशा जागी राहायला जातात कशाला? अहो, ती कुठे गेली नाहीत. पाणी त्यांच्या दारात आलं.

गोदाकाठ:
सिस्टर, वाचून पोटात गोळा आला. मावशीकडेही रात्री कोणाचं दुखलं-खुपलं तर होडी काढून उरणच्या मोऱ्याला न्यायचे. वेगळं लिहा ना यावर, सविस्तर.

पासधारक:
ताई, तुम्हाला आणि त्या नावाड्याला नमस्कार.

सिस्टर:
लिहीन. रविवारी निवांत. आत्ता नातवाला शाळेतून आणायचंय.

चुलीवरची:
विषय सोडून विचारते, चांगली सुकट नाशकात कुठे मिळते? कोळणी वाचलं आणि तोंडाला पाणी सुटलं.

उरणची लेक:
गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, बुधवारच्या बाजारात. मी तिथूनच घेते. नीट निवडून, कोरडीच भाजा, मग कांदा-कोकम.

चुलीवरची:
कोकम? आम्ही चिंच घालतो.

उरणची लेक:
एकदा कोकम घालून बघा, मग बोलू.

मालेगावकर:
दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घारापुरीला न्यावं म्हणतो. कोणता वार बरा?

गोदाकाठ:
सोमवार सोडून कुठलाही, सोमवारी लेणी बंद. सकाळची लाँच पकडा. धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पुढे पायऱ्या. माकडांपासून पिशव्या सांभाळा. आणि जेवण गावातच घ्या, तेवढीच घरटी मिळकत होते तिथल्या बायकांची. निघायच्या आधी मला मेसेज करा, मावसभावाला सांगून ठेवते.