७८६ चा हिशोब नक्की कसा लागतो?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. रोज स्टेशनला जाताना दर दोन रिक्षांमागे एकीच्या काचेवर ७८६ दिसतं. आमच्या बिल्डिंगमधल्या एकाने तर गाडीला ०७८६ नंबर मिळावा म्हणून आरटीओत वेगळे पैसे मोजले, बरं तो मुसलमान पण नाहीये, कुणा न्यूमरॉलॉजीवाल्याने सांगितलं लकी असतं म्हणून. बिस्मिल्लाचा आकडा आहे एवढं माहितीये, पण येतो कुठून? अरबीत प्रत्येक अक्षराला आकडा असतो म्हणे, तो कसा ठरला? गूगलवर शोधलं तर नुसते ताईत विकणारे येतायत.

कौसावाली
भाऊ, कागद-पेन घ्या. अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४, हे ५, मोठा हे ८ असं करत ये म्हणजे १०. मग दहादहाने, काफ २०, लाम ३०, मीम ४०, नून ५०, सीन ६०. नुक्तावाला क़ाफ १००, रे २००, आणि शेवटचा ग़ैन १०००. एकूण २८ अक्षरं. याला अबजद म्हणतात. आता पूर्ण ओळ आहे 'बिस्मिल्लाह अर-रहमान अर-रहीम', म्हणजे कृपाळू, दयाळू अल्लाहच्या नावाने. तिचे शब्द एकेक मोजा.

बिस्म = बे, सीन, मीम = २+६०+४० = १०२
अल्लाह = १+३०+३०+५ = ६६
अर-रहमान = १+३०+२००+८+४०+५० = ३२९
अर-रहीम = १+३०+२००+८+१०+४० = २८९

झाले ना ७८६. गोम अशी की जे कागदावर लिहिलंय तेच मोजायचं, कानाला काय ऐकू येतं ते नाही. 'अर-रहमान'मधला लाम कोणी उच्चारत नाही पण लिहितात, म्हणून त्याचे ३० धरले. उलट रहमानमधला लांब 'मा' ऐकू येतो पण तिथे अलिफ पूर्ण लिहीत नाहीत, सो तो गेला.

आमचे नाना पत्राच्या वर ७८६च लिहायचे, कागद कुठे पायाखाली आला तर अल्लाहचं नाव तुडवलं जायला नको म्हणून. माझा भाऊ म्हणतो हे कुराणातही नाही आणि हदीसमध्येही नाही, लिहायचं तर बिस्मिल्लाह पूर्ण लिहा. घरात दोन्ही पार्ट्या आहेत 😄

पाचपाखाडी_४००६०२
मग हे पण घ्या. 'हरे कृष्णा' उर्दूत लिहा. हे ५, रे २००, ये १०, झाले २१५. काफ २०, रे २००, शीन ३००, नून ५०, अलिफ १, झाले ५७१. बेरीज करा. ७८६!! व्हॉट्सॲपवर हे 'बघा सगळे धर्म एक' म्हणून फिरत असतं. भावना चांगली आहे हो, पण शेवटचा अलिफ काढला की ७८५. एका स्पेलिंगवर एकता टिकणार असेल तर अवघड आहे.

नेरुळ_पूर्व
वरच्यांचं बरोबर, पण नुसतं थोतांड समजू नका. आपले भारतीय आकडे अरबांकडे रुळायच्या आधीपासून तिथले लोक अक्षरांनीच आकडे लिहायचे, नंतरसुद्धा ॲस्ट्रोलेबवर (ग्रहताऱ्यांची जागा मोजायच्या जुन्या यंत्रावर) हीच अक्षरं कोरलेली असायची. पहिल्या २२ अक्षरांचा क्रम हिब्रूसारखाच आहे, आणि अरबीत जास्तीची जी ६ आली ती शेवटी चिकटवली, त्यांना ५०० ते १०००. तिकडे पश्चिमेला, मोरोक्को वगैरे भागात, क्रम थोडा वेगळा चालायचा. तिथे सीन ६० नाही, ३००. म्हणजे त्यांच्या हिशोबाने बिस्मिल्लाहचे होतात १०२६. आता सांगा बिल्डिंगवाल्याला नवीन नंबर प्लेट घे म्हणून.

यावर गूढवाद चढला तो वेगळा. इराणात १४व्या शतकात फ़ज़लुल्लाह अस्तराबादी नावाचा माणूस होऊन गेला, त्याचा हुरूफी पंथ. अक्षरांतच सगळ्या सृष्टीचं रहस्य आहे, माणसाच्या चेहऱ्यावरसुद्धा अक्षरं वाचता येतात असं ते मानायचे, आणि फारसीची ३२ अक्षरं धरायचे. १३९४ मध्ये तैमूरच्या मुलाने, मीरानशाहने, त्याला मारलं. ताईतावर 'बुदूह' असतं ना, ते म्हणजे बे, दाल, वाव, मोठा हे = २, ४, ६, ८. तीन बाय तीनचा जादूचा चौकोन, ज्याची प्रत्येक ओळ १५ होते, त्याचे हे चार कोपरे.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते कवींचं काम. ते अशी ओळ रचायचे की तिच्या अक्षरांची बेरीज म्हणजे त्या घटनेचं साल. हुमायूँ दिल्लीत ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला, तर त्यावर ओळ केली, 'हुमायूँ पादशाह अज़ बाम उफ़्ताद', म्हणजे बादशहा गच्चीवरून पडला. पादशाहमधला 'प' अरबीत नाही म्हणून त्याला 'ब'चेच २. सगळं मिळून ९६२ येतात, हिजरी साल होतं ९६३. एकाने हुकलं, तरी ओळ अजून लोकांच्या लक्षात आहे.

घोडबंदरकर
बाप रे, धन्यवाद सगळ्यांना. कौसावाली ताई, एक शेवटचं, आपल्या ठाण्याचा आकडा काय?

कौसावाली
ते, हे, अलिफ, नून, ये = ४००+५+१+५०+१० = ४६६. काही जण शेवटी ये ऐवजी हे लिहितात, मग ४६१. आरटीओत दोन्ही स्वस्तात मिळतील.

पाचपाखाडी_४००६०२
४६१ घ्या, मूळ संख्या आहे 😂