आधी तपासणी, मग संत्री

इथल्या चर्चेत एका प्रतिसादात ताप आल्याबरोबर तपासणीऐवजी क-जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सुचवल्या आहेत, ते मला पटले नाही. नागपुरात पावसाळ्यानंतरचा ताप डेंग्यूचाही असू शकतो; त्याची एनएस१ चाचणी (रक्तात डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन शोधणारी) पहिल्या ५ दिवसांत सर्वाधिक उपयोगी पडते, पुढे प्रतिपिंडांची (विषाणूशी लढायला शरीर तयार करते त्या प्रथिनांची) चाचणी करावी लागते, म्हणजे गोळ्या चघळत वाट पाहण्यात नेमके मोलाचे दिवस हातचे जातात. हे जीवनसत्त्व नियमित घेणाऱ्यांची सर्दी जरा लवकर ओसरते, एवढेच. प्रौढांची रोजची गरज साधारण ६५ ते ८० मिलिग्रॅम, आंबिया बहराची (पावसाळ्यानंतर येणाऱ्या पिकाची) दोन मध्यम संत्री ती सहज भागवतात, आणि पेरू तर (संत्रानगरीत हे बोलू नये!) त्याहून सरस. आवळा मात्र आमच्याकडे कच्चाच किसून, मीठ-मिरची लावून ताटात येतो, कारण मुरंब्यासाठी शिजवताना त्यातले बरेच जीवनसत्त्व निघून जाते.