मदत हवी आहे : पाढे पाठ असूनही भागाकार चुकतो

खानापूरची पालक :
माझ्या मुलीला गुणाकार व्यवस्थित जमतो, पण भागाकार मांडला की उत्तर हमखास चुकते. पाढे तोंडपाठ आहेत, रोज सरावही घेते, तरी फरक पडत नाही. परीक्षा तोंडावर आली आहे, म्हणून लवकर लागू पडेल अशी पद्धत कृपया सांगावी.

निवृत्त शिक्षक, चिकोडी :
ताई, इयत्ता कोणती, भाजक एक अंकी की दोन अंकी, हे आपण लिहिलेले नाही. चुकलेली एक-दोन गणिते जशीच्या तशी द्यावीत. त्याशिवाय काहीही सुचवणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

निपाणीकर :
तीसपर्यंतचे पाढे पाठ करून घ्या. आम्हांला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे) रोज तिन्हीसांजेला म्हणावी लागे, त्यामुळे पावणेतीन रुपयांच्या बारा वह्यांचे तेहतीस रुपये आजही कागदाविना सांगता येतात.

खानापूरची पालक :
इयत्ता चौथी, माध्यम कन्नड. शाळेत मग्गी (म्हणजे पाढे) कन्नडमधून होते, घरी आजी मराठीतून पाढे घेतात. कालच्या वहीत ६१२ ÷ ६ चे उत्तर १२ आणि ८२४ ÷ ४ चे उत्तर २६ असे आहे.

बेळगावची एक आई :
हा दोन भाषांचा गोंधळ आहे. माझ्या मते पुढच्या वर्षी तिला मराठी माध्यमात घालावे.

निवृत्त शिक्षक, चिकोडी :
माध्यमाचा येथे संबंध नाही आणि पाढ्यांचाही नाही. सहा एके सहा, सहा दुणे बारा, चार दुणे आठ, चार सक चोवीस, हे सारे तिने बरोबर म्हटले आहे. दोन्ही उत्तरांत राहिले आहे ते दशकाच्या घरातले शून्य. तिच्यासमोर शंभराच्या सहा नोटा, दहाची एक नोट आणि रुपयाची दोन नाणी ठेवून सहा जणांत वाटायला सांगा. शंभराची एकेक नोट प्रत्येकाला मिळते. दहाची एकच नोट सहांत वाटता येत नाही, म्हणून दशकाच्या घरात शून्य लिहायचे आणि मगच ती मोडून बारा रुपये करायचे. शिवाय मांडणीपूर्वी उत्तर किती अंकी येईल हे विचारत जा : प्रत्येकाला निदान शंभर मिळणार, तर १२ हे उत्तर कसे असेल?

निपाणीकर :
सर, परीक्षेत नोटा मांडायला वेळ कुठे असतो?

निवृत्त शिक्षक, चिकोडी :
परीक्षेत मांडायच्या नाहीत. आधी हाताने वाटले की लिहिताना प्रत्येक अंकाचे घर लक्षात राहते. पडताळ्यासाठी बारा सक बहात्तर एवढे तोंडी केले तरी चूक उघडी पडते.

खानापूरची पालक :
नोटांनी ६१२ चे गणित लगेच सुटले, मनापासून आभार. मात्र आता ३०५ ÷ ५ चे उत्तर ती ०६१ लिहिते. हे शून्य चालेल का?

निवृत्त शिक्षक, चिकोडी :
सुरुवातीच्या शून्याने किंमत बदलत नाही, म्हणून ते लिहीत नाहीत. शंभराच्या तीन नोटा पाच जणांना पुरत नाहीत, तेव्हा त्या मोडून तीस दशके करायची. प्रत्येकाला सहा दशके, वर एक रुपया, म्हणजे ६१. यानंतर २४० ÷ ६ द्यावे, कारण तेथे शून्य शेवटी येते आणि मुले ४ लिहून थांबतात.