मदत हवी आहे: गाडी तापली की बंद पडते, क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय ते कळवणारा) कसा तपासू?

मंडळी, वडिलांची २००५ची पेट्रोल गाडी आहे. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, पण सोलापूरच्या उन्हात इंजिन तापलं की चालता चालता बंद. परवा अक्कलकोटहून येताना आई मागे बसलेली आणि गाडी भर रस्त्यात थांबली. मागून ट्रक येत होते, जीव नुसता टांगणीला! अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं, मग लगेच सुरू झाली.

एका मेकॅनिकने फ्युएल पंप बदलला, काही फरक नाही. गाडीतला बिघाड दाखवणाऱ्या स्कॅनरवर कोड येत नाही. मात्र बंद पडल्यावर सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) शून्यच दिसतो, म्हणून मला क्रँक सेन्सरचाच संशय आहे.

सेन्सर दोन पिनचा आहे. थंड असताना मल्टिमीटरवर ८४० ओहम आले. तापल्यावर आतली कॉइल तुटत असेल, तर हेअर ड्रायरने गरम करून पुन्हा मोजलं तर कळेल का? की सेल्फ मारताना सेन्सरचे एसी व्होल्ट पाहणं जास्त खात्रीचं? वायर आणि कनेक्टरचा दोष वेगळा कसा काढायचा?

आणि इतक्या जुन्या गाडीचा ओरिजिनल सेन्सर सोलापुरात मिळेल, की पुण्याहूनच मागवावा लागेल? पुढच्या आठवड्यात आईला तपासणीसाठी न्यायचंय, कृपया लवकर सांगा.